सुशीची काजळाची डबी

सुशी आज सकाळी गेली.
आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतोय.

तिच्या फोटोखाली सगळ्यांची एकच कमेंट. "काय सुंदर डोळे होते मावशींचे."
होते ना. जन्मभर हेच ऐकत आलेय मी.

सुशी माझी चुलत बहीण. अमडापूरला एकाच घरात वाढलो. मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठी, पण स्थळ आधी तिला आलं. देऊळगाव राजाचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही दोघी मॅट्रिकला होतो.

नेमके त्याच आठवड्यात माझे डोळे आले. लाल, चिकट. सकाळी पापण्या उघडत नव्हत्या.

नातू आता सांगतो, "आजी, तो व्हायरस असतो." आम्हाला एवढंच माहीत, की डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघायचं नाही.

नर्सबाई घरी येऊन सांगून गेल्या, "बघितल्यानं काही होत नाही. हातानं पसरतं. टॉवेल वेगळा ठेवा, काजळाची डबी वेगळी ठेवा, हात साबणानं धुवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या.
आणि माझ्याकडे न बघता त्याच एका टॉवेलला हात पुसत राहिले.

काळजी घेतली ती फक्त सुशीची. काकूंनी तिला नवा टॉवेल काढून दिला. नवी पितळी डबी दिली. मला म्हणाल्या, "रविवारी पाव्हणे येऊन राह्यले. तू तिच्या डबीले हात लावू नको."

माझा नुसता जळफळाट झाला. आजारी मी, आणि लाड तिचे.

नर्सबाईंचं नीट ऐकलं होतं ते घरात मी एकटीनं. गुरुवारी दुपारी स्वतःच्या डोळ्यातून बोट फिरवलं आणि सुशीच्या काजळात घातलं.
तिचं लग्न मोडावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

रविवारी सुशी लालभडक डोळ्यांनी पोहे घेऊन गेली.
मुलाची आई म्हणाली, "पोरीचे डोळे असेच राहतेत का?"
पाहुण्यांनी पोहे खाल्ले, आमच्या टॉवेलला हात पुसले आणि बस पकडली.

आठवड्यानं नकार आला. निरोप आणणारा म्हणाला, तिकडे अख्ख्या घराचे डोळे आलेत.

पुढे सुशी शिकली. शाळेत बाई झाली. मनासारखं लग्न केलं.
मला त्याच उन्हाळ्यात उजवलं.
तिचं काही चांगलं झालं की मी जळायचे, आणि लगेच ते बोट आठवायचं.

मागच्या दिवाळीत रडत रडत तिला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मले माहीत होतं वं. काजळात तुयं बोट उमटेल होतं."

"मंग लावलं काऊन?"

"मले शिकाचं होतं. बाबाले नाही म्हणाची हिंमत नव्हती. तू माह्यं काम करून ठेवलं."

जन्मात एकच मोठं पाप केलं मी. साठ वर्षं मनाला खात राहिलं. आणि त्याचंही फळ तिलाच गोड लागलं.

सुशे, जायचा नंबरही माझा होता. मोठी मी आहे.
इथंही तूच आधी.

लेक म्हणते, भावपूर्ण श्रद्धांजली लिही. लिहिलं, बाई.
डोळे पुसतेय. माझ्याच टॉवेलला.