निर्ण्याचा लंडन मायक्रोस्कोप

"अण्णा, सोमवारी हैदराबादचे साहेब येणारेत. तवर ह्याच्यावरचं नाव वाचून द्या," असं म्हणत शकुंतलाअक्कांनी टॉवेलात गुंडाळलेला मायक्रोस्कोप आणि त्याची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. त्या बीदरजवळच्या निर्णा गावच्या. तिथल्या हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मी बीदरला एका कॉलेजात लॅबची उपकरणं दुरुस्त करायचो. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तेच करत बसतो. त्या दिवशी गुरुवार होता.

टॉवेल सोडला आणि मी कपाळाला हात लावला. पितळ नव्या नथीसारखं चकाकत होतं. जुन्या यंत्राच्या पितळेवर लाखेचा पातळ थर असतो. तो गेल्याशिवाय अशी चमक येत नाही.

"काय लावता ह्याला?"

"चिंच. दर खंडेनवमीला. कामून?"

खंडेनवमी म्हणजे हत्यारं पूजायचा दिवस. अक्कांच्या घरी नांगर, शिलाई मशीन, मोटारसायकल आणि सासऱ्यांचा मायक्रोस्कोप अशी ओळीनं मांडणी व्हायची. आधी चिंचेनं घासायचं, मग हळद-कुंकू. पायावर कोरलेलं नाव त्या भक्तीत पार पुसून गेलं होतं. उरला होता एक ओरखडा.

"हा बघा एल," अक्का म्हणाल्या. "लंडनचा एल. मामंजी सांगायचे, लंडनहून आणलाय म्हणून."

मला तो एल दिसला नाही.

सासरे निजामाच्या काळातले ढोरांचे डॉक्टर. गावोगाव सायकलवर फिरून जनावरांचं रक्त तपासायचे. म्हणून हा पोर्टेबल मायक्रोस्कोप: पाय मिटतात, नळी आत सरकते आणि सगळं जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसतं. अक्का आता मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या होत्या. त्याआधी त्यांना हा हैदराबादच्या एका संग्रहालयात द्यायचा होता. पण तिथल्या क्युरेटर साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, बनवणारा कोण ते कळलं तरच घेऊ.

"आन न्हाई घेतला तर?" मी विचारलं.

"तर सुनेनं शोकेसमधी जागा करून ठेवलीय. प्लॅस्टिकच्या फुलाशेजारी." अक्कांचा आवाज एकदम बसला. "अण्णा, ह्याच्यातून हजार पोरांनी कांद्याची साल बघितलीय हो."

मग मात्र मी चष्मा बदलला.

आधी डोळा लावून पाहिलं. सगळीकडे लाल. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगावर, कुंकू आणि तेलाचा लगदा बसला होता. तो काढायला शुक्रवारची सकाळ गेली. नंतर पाय आणि खालचा सांधा खोलला. सहा स्क्रू निघाले. इथे माझ्याकडून गाढवपणा झाला. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, ते लिहून ठेवायचं सोडून मी सगळे एकाच बशीत टाकले. शिकाऊ माणसाला मी ह्याच्यासाठी ओरडलो असतो.

परत बसवायला गेलो तर एकही स्क्रू धड बसेना. एक अर्ध्यात अडकला, दुसरा सैल फिरू लागला. दुपारभर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. संध्याकाळी चहा पिताना डोक्यात उजेड पडला. कारखान्यातले स्क्रू एका मापाचे असतात, कुठलाही कुठेही बसतो. इथे प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकाचा होता. म्हणजे प्रत्येकाचा आटा हातानं पाडलेला. हे यंत्र कारखान्यातलं नव्हतंच!

शनिवारी नळी उघडली. उजेड आत इकडेतिकडे उडू नये म्हणून ती आतून काळी असते. हिचा काळा रंग वेगळा, दाट आणि मऊ. टॉर्च मारला तर त्या काळ्यात बारीक अक्षरं कोरलेली, उर्दूत. मला उर्दू येत नाही. गल्लीत बिदरीकाम, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी, करणारे चाचा राहतात, त्यांना हाक मारली. त्यांनी नळी डोळ्याला लावली आणि हसायलाच लागले.

"रंग न्हवं अण्णा, हे आपलं बिदरीचं काम हाय. किल्ल्याची मट्टी लावून काळं केलेलं कडं आत बसवलंय. आन हे बघा, 'मुस्तफा, बीदर'."

भिंगं तेवढी परदेशी. बाकी सगळं अंग आमच्या गावचं.

मी उड्या मारत अक्कांना फोन केला. चाचांनी वाचलेलं नाव सांगितलं.

"म्हंजे लंडनचा न्हाई?"

"न्हाई. बीदरचा."

"मामंजी खोटं बोलायले व्हते व्हय? आन मी पोरांना इतकी वर्सं काय सांगितलं?" मग हळूच, "अण्णा, बीदरात कोरणारे कितीक हायत. पायावर लंडनचं एखादं नाव कोरून घ्या की. कोण बघायलंय?"

"अक्का, तुम्ही मास्तरीण हायत."

त्यांनी फोन ठेवला. रविवारभर त्यांचा फोन आला नाही. मला वाईट वाटलं, पण कोरायला मी दिला नाही. सहाही स्क्रू आपापल्या भोकात बसवले आणि आतल्या अक्षरांचा फोटो काढून ठेवला.

सोमवारी साहेब माझ्याकडेच आले. अक्का तोंड पाडून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. साहेबांनी मायक्रोस्कोप फिरवून पाहिला. घासलेला पाय बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मेकर?"

मी फोटो पुढे केला आणि स्क्रूची गोष्ट सांगितली, माझ्या गाढवपणासकट. साहेबांनी स्वतः दोन स्क्रू अदलाबदल करून पाहिले. बसले नाहीत. मग ते खुर्ची ओढून खाली बसले.

"लंडनचे आमच्याकडे अकरा आहेत," ते म्हणाले. "स्टोअरमध्ये धूळ खातायत. बीदरच्या कारागिरानं बनवलेला मी आज पहिल्यांदा बघतोय. हा बाहेर ठेवायचा, दारासमोरच्या कपाटात. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का, मॅडम?"

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी पदर सावरला आणि ताठ बसल्या.

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "वर्गात पहिल्याच दिवशी सांगायची मी पोरांना. आपल्या बीदरचाय म्हणून."

दुरुस्ती करणाऱ्यानं यंत्राबद्दल खरं ते सांगावं. मालकाबद्दल त्याला कुणी विचारत नाही. मी खाली मान घालून पेटीचा कडी-कोयंडा पुसत बसलो.