कुलूपबंद कात्री

मास्तर घोरायला लागले की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेत. बायकोला मात्र जाग यायची ती घोरणं थांबलं की. ती उठून बसायची, आकडे मोजायची, पंचवीसपर्यंत गेलं की कोपराने ढोसायची. मास्तर मोठा आचका देऊन श्वास घेत आणि कूस बदलत. वर सकाळी तक्रार, "आठ तास झोपलो, तरी अंग आंबलेलंच!"

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला हा माणूस हल्ली दुपारी मशीनवरच पेंगायचा. एकदा गिऱ्हाइकाला विजार दाखवायला हात वर केला, तर विजार हाताला लटकलेली. पेंगेत पठ्ठ्याने स्वतःची बाहीच तिला शिवून टाकली होती! गिऱ्हाईक हसलं, मास्तरही हसले. बायको हसली नाही. तिने बेतायची मोठी कात्री उचलून कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

"अगं, कात्रीशिवाय मी काय नुसती बटणं लावू?"

"लावा. शिवण उसवता येते, तुटलेलं बोट कसं जोडाल? आधी दवाखाना, मग कात्री."

दवाखान्यात त्यांना अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "झोपेत तुमचा घसा आतून मिटतो. तासाला चाळीस वेळा श्वास अडतो आणि तितक्यांदा मेंदू झोप मोडतो. म्हणून ही पेंग, म्हणून वाढलेला रक्तदाब. उद्या हृदयावर बेतेल."

"म्हणजे बाहीत अस्तर गोळा झालं की हात अडकतो, तसं?"

"अगदी तसंच. रात्री नाकावर मुखवटा लावून झोपायचं; नळीतून येणाऱ्या हवेच्या दाबाने हे यंत्र बाही मोकळी ठेवतं."

यंत्राच्या मुखवट्याचा पट्टा गालाला काचायचा. मास्तरांनी त्याला मऊ फ्लॅनेल लावलं. बायको म्हणाली, "सोंड शोभते हो तुम्हाला!"

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तर टवटवीत उठले. कात्री मागायला वळले, तर बायको गाढ झोपलेली. सात वाजले, आठ वाजले, तरी हालचाल नाही. इतकी वर्षं ही रोज आपल्या आधी उठलेली असते, ती मुळात झोपतच नव्हती, हे आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

कपाटाची किल्ली तिच्या उशाशीच होती. मास्तरांनी किल्लीला हात लावला नाही. मशीनचा आवाज नको म्हणून ते खुर्ची ओढून हातानेच बटणं लावत बसले.

नऊला ती दचकून उठली. "अगंबाई! उठवलं का नाहीत?"

"झोप अजून," मास्तर म्हणाले. "आज मी जागा आहे."