उत्तरासाठी थांबणाऱ्या सरोजाक्का

बंगळुरात ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ हे दिवसभर कुणी ना कुणी विचारत असतं, आणि उत्तरासाठी कुणीही थांबत नाही. वॉचमन विचारतो, भाजीवाली विचारते, बँकेतला कारकून विचारतो. आपण मान हलवायची आणि पुढं चालू लागायचं. सरोजाक्का मात्र थांबायच्या. लिफ्टच्या दारात पाऊल अडकवून थांबायच्या. ‘झालं’ म्हटलं की ‘काय झालं?’ असा पुढचा प्रश्न यायचा, आणि मग कशाबरोबर, किती वाजता, बसून की उभ्यानं. पहिल्या भेटीत मी त्यांना ‘ग्रीन टी आणि दोन खाकरे’ असं मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा चप्पल नसताना झुरळावर पाय पडावा तसं तोंड करून त्या म्हणाल्या, “शी!”

आम्ही पुण्याचे. नवरा विनायक विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, त्याच्या नोकरीपायी इथं आलो आणि जे. पी. नगरात फ्लॅट घेऊन राहिलो. अक्का आमच्या खालच्या मजल्यावर. त्या इथल्या पिढीजात मराठी घराण्यातल्या, आडनाव जाधव. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की आमच्या पुणेरी कानांना सुरुवातीला ठसकाच लागायचा. मल्लेश्वरमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. अंगानं चांगल्या रुंद होत्या आणि पोट निऱ्यांवर ऐसपैस बसलेलं असायचं. आहारतज्ज्ञ बाई अशी कशी, असं लोक मागून कुजबुजत. समोर कुजबुजायची कुणाची टाप नव्हती.

अक्कांना किळस फार यायची. उष्ट्याची नाही, घाणीची नाही. हॉस्पिटलात त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांना किळस यायची ती माणसं स्वतःच्या शरीराशी जे वागतात त्याची. लग्नाच्या फोटोसाठी महिनाभर लिंबूपाण्यावर राहिलेली एक मुलगी त्यांच्या वॉर्डात आली होती. तिची आई पलंगापाशी उभी राहून, “पण ब्लाउज आता बसतो हं,” असं आनंदानं सांगत होती म्हणे. “मला ओकारी आली मा,” अक्का सांगायच्या. “पेशंट बघून नाही आली. आई बघून आली.” वजन कमी करायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला सवाल ठरलेला असायचा. “पोट कमी करायचंय, की माणूस?”

मग आमच्या सोसायटीत ‘पोट हटाव चॅलेंज’ आलं. मोजणी दर रविवारी. क्लबहाऊसमध्ये पन्नाशीतले पुरुष बनियन वर करून रांगेत उभे. जिमचा कोच घामेजलेली टेप एकाच्या पोटावरून काढायचा, स्वतःच्या ट्रॅकपँटला पुसायचा आणि दुसऱ्याच्या पोटाला लावायचा. मग केसाळ पोटांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. आपण घरी पोहे खात फोन उघडावा, तर समोर चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची बेंबी! त्याखाली टाळ्या आणि पेटलेल्या ज्वाळांच्या इमोजींची रांग. शिकलेसवरलेले लोक, मोठमोठ्या हुद्द्यांवरचे, आणि ही तऱ्हा.

कोचनं सगळ्यांना एकच आकडा दिला होता. “सर, बारह सौ कॅलरी. उसके ऊपर एक दाना नहीं.” सहा फुटी पंजाबी गृहस्थांना बाराशे आणि त्यांच्या खांद्यालाही न लागणाऱ्या बायकोलाही बाराशे. अक्कांनाही त्यानं आमंत्रण दिलं, “आंटी, आप भी आओ ना.” अक्का त्याला मराठीतच म्हणाल्या, “हे पोट दोन लेकरांनी आणि हॉस्पिटलच्या कँटीननं केलंय. त्याला टेप लावायचा अधिकार कुणाला नाही, सरी? कळलं?” कोचला काही कळलं नाही, पण टेप त्यानं खिशात घातली.

विनायकनं नाव नोंदवलं. त्याचं पोट म्हणजे शहराबाहेरच्या होसकोट्याच्या पहाटेच्या बिर्याणीची मेहेरबानी. कारखान्यातले मित्र गाडी काढून अंधारात तिकडं जायचे आणि बॉनेटवर पत्रावळ ठेवून हाणायचे. त्यात त्याला मधुमेह, रोजच्या गोळ्या. पोट कमी व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझं दुमत नव्हतं. पण इंजिनियरच्या हाती आकडा द्यावा आणि त्यानं तो तसाच ठेवावा, असं कधी झालंय? विमानाचा पंख जेवढा भार घेणार, त्याच्या दीडपट भाराला टिकेल असा बांधतात. सुरक्षेसाठी ठेवलेली ही जास्तीची ताकद. विनायकनं जन्मभर हेच केलं होतं. तोच नियम त्यानं ताटाला लावला. आपल्या मोजमापात चूक राहू शकते, म्हणून सुरक्षित बाजूला राहू, असं म्हणत त्यानं बाराशेला दीडनं भागलं. उत्तर आलं आठशे.

मी भांडले, आदळआपट केली. तो शांतपणे म्हणाला, “अगं, मी फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतलाय. हा सगळ्यात सेफ आकडा आहे.” सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री डाळीचं पाणी. गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच चालू. डॉक्टरांना विचार म्हटलं तर, “गोळ्यांचा आणि जेवणाचा काय संबंध?” मधुमेह झालेल्या माणसानं हे विचारावं! त्याच्या तोंडाला एक आंबूस, कुजल्यासारखा वास यायला लागला होता. चेहरा ओघळला होता, आणि ग्रुपवर लोक लिहीत होते, ‘सर, इन्स्पिरेशन!’

एका रविवारी तो आठवड्याचा विजेता ठरला. फोटोसाठी बनियन वर करून उभा राहिला, तर हात थरथरत होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. मी पुढं होईतो तो मटकन खुर्चीत बसला. “डिटॉक्स हो रहा है,” कोच म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! त्या गर्दीतून अक्का कोपरं मारत आल्या आणि विनायकचं तोंड हनुवटीला धरून वर केलं. “अण्णा, ऊटा आय्ता?”

“कॉफी,” तो पुटपुटला.

“गोळी घेतली?”

“हो.”

कॉफीच्या मशीनपाशी साखरेच्या पुड्या होत्या. अक्कांनी त्या दातांनी फाडून पाण्यात ढवळल्या आणि ते पाणी घोटघोट त्याला पाजलं. पाणी हनुवटीवरून, मोजलेल्या पोटावरून ओघळत होतं. कोच म्हणाला, “आंटी, शुगर मत दो!” अक्का वळल्या. “शी!” एवढंच म्हणाल्या, पण असं म्हणाल्या की तो भिंतीला चिकटला. विनायकचे डोळे जाग्यावर आल्यावर त्यांनी आम्हाला सरळ डॉक्टरांकडं पिटाळलं. शुगर धोक्याच्या पातळीखाली गेली होती. थोडा आणखी उशीर झाला असता तर, हे वाक्य डॉक्टरांनी पुरं केलं नाही.

गोळ्यांचा डोस बदलून झाल्यावर अक्कांनी विनायकला आपल्या जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. आठशेचा हिशेब त्यांनी नीट ऐकून घेतला आणि कपाळाला हात लावला. “अय्यो, पंख मजबूत करायला तुम्ही लोखंड वाढवता ना अण्णा? इथं लोखंडच काढून टाकलं! आठशे आम्ही पण द्यायचो. वॉर्डात, रोज डॉक्टर बघायला असताना. घरी सुम्ने, उगाच आपल्या मनानं नाही.” मग विचारलं, “चॅलेंजच्या आधी किती खात होता?” ते मात्र त्याला सांगता येईना. “विमान किती उंचीवर आहे माहीत नाही, आणि उतरवायला निघालात?”

आठवडाभर त्यांनी त्याला नेहमीसारखं जेवायला लावलं, आणि काय खातो ते रोज संध्याकाळी विचारून घेतलं. वय, उंची, दिवसाचं चालणं, सगळं पाहून म्हणाल्या, “बाविसशेच्या आसपास खाता. त्यातून स्वल्प काढू, चारशे. अठराशे पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम, नाही उतरलं तर परत बघू. थंडी वाजायला लागली, चक्कर आली, बायकोवर ओरडायला लागलात, तर समजायचं आकडा खाली गेला.” विनायकनं विचारलं, “पण पोटच आधी कमी व्हावं म्हणून काय करायचं?” अक्का खळखळून हसल्या. “पोटाला वेगळी नोटीस देता येत नाही, अण्णा. उपाशी ठेवलं की मांड्या जातात, गाल जातात, डोकं जातं. पोट शेवटपर्यंत बसून राहतं, सरकारी नोकरासारखं. डाळ, अंडी वाढवा, चाला, झोपा. आणि बिर्याणी महिन्यातून एकदा. बसून. बॉनेटवर नाही!”

वर्षभरात विनायकचं पोट बरंचसं उतरलं, डोकं जाग्यावर राहिलं. ग्रुपवर टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढं एका पावसाळ्यात अक्का बारीक व्हायला लागल्या. ब्लाउजचे दंड ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सोसायटी नुसती वेडी झाली. “अक्का, वॉव! कुठलं डाएट?” “आम्हाला पण सांगा ना सीक्रेट!” कोचनं तर त्यांचा जुना फोटो शोधून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं जोडचित्र करू का, म्हणून विचारलं. अक्का नुसत्या हसायच्या. मलाही त्या म्हणाल्या होत्या, “वय झालं मा,” आणि विषय बदलला होता.

एकदा आम्ही दोघं लिफ्टनं खाली जात होतो. त्यांच्या मजल्यावर दार उघडलं आणि त्या आत आल्या. तळमजला आला. विनायकनं बाहेर न पडता दारात पाऊल अडकवलं. “अक्का, ऊटा आय्ता?”

“आय्तु, आय्तु.”

“काय आय्तु?”

दार मिटायला यायचं, त्याच्या बुटाला लागून परत उघडायचं. “जात नाही, अण्णा,” त्या शेवटी म्हणाल्या. “जठरात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला.” मग पुढं, “सगळी बिल्डिंग डाएट विचारते. जेवण तुम्ही पहिल्यांदा विचारलंत.”

त्यानंतर तो रोज खाली नाचणीची आंबील घेऊन जायचा आणि बसून राहायचा. अक्का दोन चमचे घ्यायच्या आणि वाटी सारायच्या. एकदा त्याला म्हणाल्या, “तुमचा आठशेचा आकडा शेवटी मलाच लागला बघा. तेवढे पण होत नाहीत.” विनायक घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडला.

दिवाळीच्या आत अक्का गेल्या. क्लबहाऊसमध्ये शोकसभा ठेवली. टेबलावर हार घातलेला मोठा फोटो होता. त्यांच्या शेवटच्या दिवसांतला. गालफडं आत, गळ्याची हाडं वर, साडी खुंटीला टांगावी तशी. सेक्रेटरीबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “मुद्दाम हा निवडला. यात किती स्लिम दिसतात, नाही?”

शेजारी बसलेल्या विनायकनं ते ऐकलं होतं. त्याला कधी कुणाला वाकडा शब्द बोलताना मी पाहिलं नव्हतं. तो उठला, हार उतरवून बाजूला ठेवला आणि फोटो उचलून पालथा घातला. सेक्रेटरीबाईंकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “शी!”

मग तो अक्कांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलीकडून दुसरा फोटो घेऊन आला. त्यात अक्का जेवणाच्या टेबलापाशी बसल्या आहेत, पुढ्यात तुपानं माखलेली होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, आहे, पोट टेबलाच्या कडेला टेकलं आहे, आणि फोटो काढणाऱ्याला त्या काहीतरी विचारताहेत. काय विचारताहेत ते आम्हा दोघांना सांगायची गरज नव्हती. विनायकनं हार त्या फोटोला घातला आणि सभा संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.