कलती ताटली

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या ऑफिसात पाणी पीत होते. बाबा एवढंच म्हणाले, "सकाळी, झोपेतच…" मी बाटलीचं झाकण लावलं, आणि किती तरी वेळ ते घट्ट करत राहिले.

आत्या समुद्राकाठच्या मुरबे गावची, मासळी विकणारी, मोठ्या आवाजाची. मी इंग्रजी शाळेतली, घरातही कमी बोलणारी. तिच्या किडन्या निकामी झाल्यावर तिला डायलिसिसला नेणं माझ्याकडे आलं. रिक्षाभर ती बोलायची, मी ऐकायचे.

तिथला टेक्निशियन आधी मशीनचं पाणी तपासायचा, मगच सुई टोचायचा. पाण्यात क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात, असं त्यानं एकदा सांगितलं. आत्या म्हणाली, "मशीनीला एवढा निवळ पानी, नि मला दिवसाला एक बाटली!" ती बाटली सकाळीच भरून खिडकीत ठेवायची. त्यावर थेंब घेत नसे. तरीही एकदा वजन भलतंच वाढलं, पाय सुजले, बसल्या जागी धाप लागली.

टेक्निशियननं विचारलं, "मावशी, पानी कितना पिया?"

"बाटलीच्या वर घोट पन नाय."

"और खाया क्या?"

"भात नि बोंबलाचा कालवन."

"वो भी पानी ही है, मावशी. जान जाएगी."

आम्ही कुणीच कालवण पाण्यात धरलं नव्हतं. आमच्या घरात कोण धरेल? परतताना ती धुमसत होती, "माज्या कालवनाला पानी बोलला! डोळ्यांत पानी येल एवढा तिखट हाय!" मग घराशी रिक्षातून उतरताना म्हणाली, "कालवन सोडून जगायचा, तं कसा गो?"

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं ताटलीखाली जाळं तरंगतं ठेवणारा जुना लाकडी बोया सरकवला. ताटली कलली, कालवण खाली उतरलं, आणि वरच्या बाजूचा भात नि बोंबील ती चवीनं खाऊ लागली. खाली साठलेलं तिनं माझ्या ताटात ओतलं. "माज्या वाटचा तू पी." मग मी तिच्याकडे जेवायला असले की ते ठरलेलंच झालं. मी प्यायचे, डोळे पुसायचे, ती हसायची.

परवा मुरब्याला गेले. बोया चुलीशेजारीच होता. जेवताना मी तो माझ्या ताटलीखाली सरकवला. कालवण हळूहळू खालच्या कडेला जमलं… ओतायला समोर ताट नव्हतं.