भाचीच्या मागं उभं राहायचं होतं

पलटणीतून हवालदार होऊन परतलो तेव्हा गावात माझा लय दरारा होता. मला बघून पोरं विड्या विझवायची. असा हा गडी पन्नाशीत धोतर ओलं करू लागला. साखर होतीच, त्यात लघवी लागल्याचंच कळेना. कळायचं ते धोतर गार लागल्यावर. मग मी बायकोला सांगायचो, "तांब्या सांडला." ती बिचारी "व्हय का?" म्हणायची. मी सांडलेल्या तांब्यांवर त्या साली म्हसवडकडचा दुष्काळ हटला असता.

तसंच रेटलं असतं, पण भाचीचं लग्न ठरलं. तिचा बाप ती लहान असतानाच गेलेला. लग्नात मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं, अक्षता पडेपर्यंत हलायचं नाही. भरल्या मांडवात तांब्या सांडला म्हणून कोण ऐकणार? माझी झोपच उडाली. मग विश्रामबागला बहिणीकडं येऊन राहिलो आणि गुडघा शेकायचाय अशी थाप मारून दवाखाना गाठला.

तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. लाजून मी भिंतीशीच बोलत होतो. त्या म्हणाल्या, "काका, साखरेनं नसा बधिर झाल्यात. पिशवी भरल्याचं कळत नाही, मग ती उतू जाते. लागायची वाट बघू नका. घड्याळ बघून जायचं. एकदा झाली की जरा थांबून, पुढं वाकून परत करायची." वर व्यायाम सांगितला. लघवी मधेच अडवताना आत जेवढं आवळतं, तेवढंच आवळायचं नि सोडायचं.

मी पडलो लष्करातला. आवळा म्हटल्यावर सगळंच आवळलं. छाती फुगवली, दात दाबले, डोळे वटारले.

"काका, मिशी सोडा," बाई म्हणाल्या. "मिशीनं लघवी थांबत नाही. आणि श्वास घ्या हो!"

बहिणीकडं मी दार लावून सराव करायचो. "सावधान! विश्राम!" असे स्वतःलाच हुकूम सोडायचो, तेही हळू आवाजात. हवालदाराचा हळू आवाज तो! तरी मायलेकी काही विचारत नव्हत्या. गुडघ्याची थाप पचली म्हणून मी खुशीत.

लग्न शिराळ्याला, नवऱ्याच्या गावी. मुहूर्ताआधी मी जाऊन आलो, वाकून परत एकदा केली, गडी तयार. पण नवरदेव मारुतीच्या देवळापासून हलेना. त्याचे दोस्त बँडपुढं नाचत सुटलेले. आला एकदाचा, तर माईकवर सत्कार सुरू. टोपी, टॉवेल, नारळ. चेअरमन झाले, सरपंच झाले, सरपंचांचे साडू झाले. मी फेटा बांधून भाचीच्या मागं उभा, नजर मनगटावर. जायची वेळ केव्हाच टळली होती. आत काहीच कळत नव्हतं, तीच तर भीती! मी आवळून उभा राहिलो, मिशीसकट.

अंतरपाट धरला. भटजींनी घसा खाकरला, तोच भाची वळली. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं माझ्याकडं बघितलं नि भटजींना म्हणाली, "जरा थांबा. मामांना जाऊन येऊ द्या."

"अगं, मुहूर्त टळतोय!"

"तो मगाशी नाचण्यातच टळला. मामा आल्याबिगर मी हार घालत न्हाई."

सगळा मांडव वळून माझ्याकडं बघायला लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी पुटपुटलो, "न्हाई गं, तो गुडघा जरा..."

"गुडघा घिऊन जावा मामा, पर जावा."

गेलो. सगळी माणसं मुठीत अक्षता धरून खोळंबली होती. मांडवामागं, उसाच्या कडेला, आधी मी घळाघळा रडलो. पोरीला सगळं ठाऊक होतं आणि आजवर तिनं ते मला कळूसुद्धा दिलं नव्हतं. इतक्यात माईकवर कुणीतरी ओरडलं, "नवरीच्या मामांनी सावकाश यावं, घाई न्हाई!"

फेटा सावरत मी परत तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. मान न वळवता तिनं हळूच विचारलं, "झालं नीट?"

"झालं."

"मग म्हणा आता," ती भटजींना म्हणाली.