आर्लिस टाइकमायरचं तळघर

ब्रॅनिगन काउंटीत घर विकायला काढलं की त्याचा राजवाडा होई, आणि तेच घर आर्लिस टाइकमायर बघायला आली की त्याचं खोपटं होई. छप्पर गळतंय, पाया खचलाय, हे सगळं तिला चर्चच्या जेवणाच्या रांगेत, हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली धरून ऐकावं लागे. चोवीस वर्षं ती काउंटीतल्या घराजमिनींची किंमत ठरवत आली होती, आणि त्या किमतीवर घरपट्टी ठरे. नेब्रास्का राज्याचं बरं होतं. पगारातून, दुकानातल्या बिलातून ते आपला वाटा इतका अलगद काढून घेई की देणाऱ्याला फारसं जाणवतही नसे. काउंटीच्या वाट्याला आली होती माणसाची सगळ्यांत लाडकी चीज, म्हणजे त्याचं घर. त्यामुळे राज्याला शिव्या देताना लोक आकाशाकडे बघत, आणि काउंटीला देताना आर्लिसकडे.

ती सहा वेळा निवडून आली होती. पाच वेळा तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. पाच डॉलरहून महाग केक ती कुणाकडून घेत नसे, आणि केकची किंमत ठरवण्यात तिचा हात कोण धरणार?

एवढ्या काटेकोर बाईच्या स्वतःच्या घराची नोंद मात्र बारा वर्षं चुकीची होती.

तिचा नवरा लवर्न धान्याच्या कोठारावर मेकॅनिक होता. एका हिवाळ्यात त्याने घराखालचं मोकळं तळघर राहण्याजोगं करायला घेतलं. भिंती, गालिचा, छोटी न्हाणी, पत्त्यांचं टेबल. ‘पुरं होऊ दे, मग लिहिते,’ आर्लिस म्हणाली. मार्चमध्ये न्हाणी झाली आणि एप्रिलमध्ये लवर्न गेला. त्यानंतर नोंद करायची म्हणजे टेप घेऊन खाली उतरायचं आणि त्याच्या हातचं काम फुटांत मोजायचं. ती खाली उतरत असे ती दर गुरुवारी, पत्ते खेळायला आलेल्या लोकांबरोबर. टेप वरच राही.

हे तळघर काउंटीत सर्वांना ठाऊक होतं, फक्त काउंटीच्या कागदांना नव्हतं. कुणी बोललंही नाही. प्रत्येकाची एखादी पडवी, एखादी शेड कागदाबाहेर होती, आणि आर्लिसचं तळघर म्हणजे त्या सर्वांचा विमा होता.

दोन वर्षांपूर्वी शेजारचं घर मारिसेला किरोझने घेतलं. ती शाळेची बस चालवायची. आर्लिस बघायला गेली तेव्हा या बाईने तिला कॉफी दिली, स्वतःहून तळघर दाखवलं, आकडे नीट दिसावेत म्हणून कपाटातला दिवासुद्धा लावून दिला. गावात नवीनच होती.

जुलैत मारिसेलाने आपल्या घराच्या ठरवलेल्या किमतीवर हरकत नोंदवली. सुनावणी कोर्टहाउसमध्ये, काउंटी मंडळाच्या तीन सभासदांपुढे. तिने दोन्ही घरांच्या नोंदी छापून आणल्या होत्या.

“मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. “दोन्ही घरं एकाच सुताराने बांधलेली. माझी किंमत बाईंच्या घरापेक्षा सव्वीस हजारांनी जास्त कशी, एवढंच सांगा.”

अध्यक्ष ड्वेन ह्रुस्काने छताकडे बघितलं. “तळघराचे असतील.”

“तळघर बाईंच्या घरालाही आहे. नाताळात मी तिथे केक घेऊन गेले होते.” ती थांबली. “तुम्हीच पत्ते पिसत होतात, ड्वेनसाहेब.”

दहा मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. ड्वेन आर्लिसला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आला.

“अगं, कशाला ताणायचं? तिचंही तळघर पुसून टाकू. दोन्ही घरं सारखी. ती खूश, तूही खूश.”

“आणि पैसे?”

“वर्षाला चारशे डॉलर. तेवढ्याने काउंटी बुडते होय?”

“रस्त्यांच्या खडीला किती, पुलांना किती, शेरीफला किती, हे तू आधी ठरवतोस. मग तो आकडा सगळ्यांच्या घरांवर वाटला जातो. माझं तळघर कागदावर नव्हतं म्हणून खडी कमी पडली नाही, ड्वेन. माझा वाटा दुसऱ्यांनी भरला. दोन वर्षं त्यात हीपण आहे.”

“तुझं लिहिलंस, तर माझी पडवी?” ड्वेनने विचारलं.

“आठ वर्षं झाली तिला.”

“तुला ठाऊक होतं?”

“तिथे बसून मी मक्याची कणसं खाल्लीत.”

“मग लिहिली का नाहीस?”

“तू माझ्या तळघरात बसला होतास म्हणून.”

“नोव्हेंबरात निवडणूक आहे, आर्लिस.”

“यंदा कुणीतरी उभं राहील खरं,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिने सभासदांना सांगितलं, मारिसेलाची किंमत बरोबर आहे, चुकली आहे ती माझी. ती वाढवा. आणि सोमवारपासून मी सगळ्यांच्या पडव्या मोजणार आहे, अध्यक्षांपासून सुरुवात.

“म्हणजे मी जिंकले की हरले?” मारिसेलाने विचारलं.

“सगळ्यांचं लिहून झालं की तुमचे वीसेक डॉलर कमी होतील,” आर्लिस म्हणाली. “शनिवारी वेळ आहे का? टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.”

शनिवारी दोघी तळघरात उतरल्या. लवर्नची एक भिंत दुसरीपेक्षा तीन इंचांनी आखूड निघाली. आर्लिसने दोनदा मोजली आणि तशीच लिहून घेतली. शेवटी नोंदीच्या कागदावर एकच रकाना उरला, कामाच्या दर्जाचा. साधारण, चांगलं, उत्तम. दर्जा चढला की घरपट्टीही चढायची.

“बाई, कोपऱ्यात गालिचा उचकटलाय,” मारिसेला म्हणाली. “न्हाणीचं दारही लागत नाही. साधारण लिहा, कुणी काही म्हणणार नाही.”

आर्लिसने ते दार एकदा ढकलून बघितलं. ते लागलं नाही. मग तिने ‘उत्तम’वर खूण केली.

घराला त्याच्या लायकीपेक्षा वरचा दर्जा दिल्याची तिच्या चोवीस वर्षांतली ही एकच नोंद. तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क फक्त घरमालकिणीला होता, आणि मुदत संपेपर्यंत तिने ती घेतली नाही.