देवदत्तची चुकलेली तारीख

एप्रिलची दहा तारीख उलटून गेली आणि देवदत्त तपासणीला गेलाच नाही, ही गोष्ट उमाताईंच्या मनातून काही केल्या जाईना.

मालगुंडजवळ त्यांची हापूसची बाग. चौतीस वर्षांचा त्यांचा हा मुलगा बी.एस्सी. झालेला, पण नोकरीत रमला नाही. गड्यांच्या बरोबरीनं कलमावर चढणार, आंबा देठासकट कसा उतरवायचा ते प्रत्येकाला शिकवणार, आणि चीक मात्र हमखास स्वतःच्याच तोंडावर उडवून घेणार. दर मे महिन्यात गालावर काळे डाग. "आंब्यानं मुका घेतलाय," म्हणून हसायचा.

म्हणूनच डाव्या कानाच्या वर, केसांत आलेली खपली कोणी मनावर घेतली नाही. २००२च्या दिवाळीत अभ्यंगाचं तेल चोळताना ती उमाताईंच्या बोटांना लागली. टणक, कडा उचललेली.

"हे काय रे?"

"चीक गं. जुनाच."

"चीक मे महिन्यातला. आज नरकचतुर्दशी आहे. एव्हाना भरून यायला नको?"

रत्नागिरीच्या सर्जननी तुकडा काढून मुंबईला पाठवला. अहवाल आल्यावर ते सरळ म्हणाले, "केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून निघालेला कॅन्सर आहे. पंचवीस वर्षांत मी हा पाहिलेला नाही. पण पुरता काढला, तर बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं."

मुंबईला ऑपरेशन झालं. भोवतालच्या चांगल्या कातडीसकट गाठ काढली. सूक्ष्मदर्शकाखाली कडा स्वच्छ निघाल्या. उघड्या जागेवर मांडीची कातडी लावली. "आता माझी मांडी डोक्यावर," असं देवदत्त गड्यांना सांगत सुटला. पुढे औषधं लागली नाहीत. फक्त दर तीन महिन्यांनी रत्नागिरीच्या सर्जनना ती जागा आणि मान दाखवायची. परत उगवलाच तर त्या जागी किंवा मानेत गाठ येऊनच आधी कळणार होतं.

चार वेळा गेला. पाचव्या वेळी हंगाम आडवा आला.

आज जेवताना तो कानाखाली चोळत होता. उमाताईंनी हात पुढे केला, तर त्यानं मान बाजूला घेतली.

"डास चावलाय. आणि मला न विचारता डॉक्टरांना फोन करू नकोस हं. कुकुलं बाळ आहे का मी? पेट्यांची शेवटची गाडी गेली की जातो."

"ती कधी जायची?"

"वीस मेला."

तो बागेत गेला. उमाताई ताटं तशीच ठेवून बसल्या. चिडेल, चार दिवस बोलणार नाही. न बोलो. महिनाभर त्या डासावर विश्वास ठेवणं त्यांना जमणार नव्हतं.

त्यांनी हात धुतले आणि सर्जनचा नंबर फिरवला.

"देवदत्तची आई बोलतेय. उद्या सकाळची वेळ द्या. मी घेऊन येते त्याला."